किलार्नीच्या मक्रॉस इस्टेटमधल्या सोप्या पायवाटा (आयर्लंड)

पानगळ:
मेच्या शेवटी किलार्नीत दोन पूर्ण दिवस मुक्काम आहे. सोबत सत्तरीचे आईबाबा आणि बाबागाडीतलं मूल. आईला सपाटीवर तासभर चालता येतं, पण पायऱ्या आणि उतार गुडघ्यांना सोसत नाहीत. गाडी भाड्याने घेणार नाही. मक्रॉस हाउस या जुन्या हवेलीच्या आवारात बऱ्याच पायवाटा दिसतात, पण नकाशावर सगळ्या रेघा सारख्याच. यातल्या खरोखर सोप्या कुठल्या? आणि मक्रॉस तळ्याभोवतीची पूर्ण फेरी या मंडळींना झेपेल का?

रानवाट:
नकाशावरून अंतर कळतं, पायाखाली काय आहे ते कळत नाही. मक्रॉसला तेच आधी बघावं लागतं.

इथल्या सोप्या वाटा सोप्या का आहेत, याचं कारण इस्टेटच्या इतिहासात आहे. इस्टेटीचे तेव्हाचे मालक हर्बर्ट घराणं, त्यांच्या काळात पाहुण्यांना घोडागाडीतून तळ्याकाठाने फिरवलं जायचं, त्यासाठी रस्ते आखले गेले. घोडागाडीला उभा चढ चालत नाही, काटकोनी वळण चालत नाही आणि चाक रुतेल अशी जमीनही चालत नाही. म्हणून हे रस्ते रुंद आहेत, चढ अगदी हळूहळू येतो आणि दर थोड्या अंतरावर झाडी मोकळी होऊन पाणी दिसतं. आजही त्यांवर घोडागाड्या चालतात. त्यांना तिथे जॉंटिंग कार म्हणतात आणि हाकणाऱ्याला जार्वी.

त्यामुळे निवड करताना एवढं धरून चाला: जिथे जॉंटिंग कार जाते तिथे बाबागाडी जाते आणि दुखरे गुडघेही जातात. घोडागाडीचा रस्ता सोडून वाट झाडीत शिरली की मुळं, दगड आणि ओल सुरू होते, मग अंतर अर्धा किलोमीटर का असेना.

आता एकेक वाट. अंतरं सुमारे आहेत.

मक्रॉस हाउस ते मक्रॉस ॲबी (जुना मठ): एका बाजूचं अंतर दीड किमी. रुंद, सपाट रस्ता. डाव्या हाताला गवताची कुरणं, मध्येच लॉख लेन तळ्याची झलक. बाबागाडी ॲबीच्या दारापर्यंत विनासायास जाते. आतली फरशी मात्र उंचसखल आहे, दारं ठेंगणी आहेत, जिने अरुंद आणि अंधारे. बाबागाडी बाहेर ठेवून एकाने मुलाजवळ थांबावं. आईंनी तळमजल्यावरचा चौक तेवढा बघावा, जिन्याच्या वाटेला जाऊ नये.

ओल्ड बोटहाउस नेचर ट्रेल: ८०० मीटर. बागेच्या खाली, मक्रॉस तळ्याच्या काठाला जुनं बोटहाउस आहे, तिथून सुरू होऊन एका छोट्या भूशिराला वळसा घालून परत येते. अंतर कमी असलं तरी ही घोडागाडीची वाट नव्हे. झाडांची मुळं वर आलेली आहेत. आईबाबांनी काठी घेऊन सावकाश करायला हरकत नाही, बाबागाडी मात्र नको. मूल पाठीवरच्या झोळीत घेता आलं तर उत्तम.

मक्रॉस हाउस ते टॉर्क धबधबा: एका बाजूने अडीच किमी. बहुतेक वाट चांगली, तळ्याकाठाने आणि झाडीतून. धबधब्याजवळ हलका चढ येतो. धबधबा सुमारे २० मीटर उंच आहे आणि पायथ्याच्या कठड्याशी उभं राहिलं की पूर्ण दिसतो. बरेच जण तिथेच न थांबता बाजूच्या दगडी पायऱ्या चढू लागतात. वरून तळी छान दिसतात, पण उतरताना ओल्या पायऱ्यांवर गुडघ्यांचे हाल होतात. आईंनी पायथ्यालाच थांबावं.

मक्रॉस हाउस ते डिनिस (तळ्याच्या पलीकडच्या टोकाचं कॉटेज): चार किमी एका बाजूने, डांबरी अरुंद रस्ता. लॉख लेन आणि मक्रॉस या दोन तळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या भूभागावरून जातो. ब्रिकीन पुलाखालून दोन्ही तळ्यांचं पाणी एकमेकांत मिसळतं. जाऊन-येऊन आठ किमी होतात म्हणून आईंसाठी एक बाजू जॉंटिंग कारने करणं शहाणपणाचं.

पूर्ण फेरी सुमारे १० किमीची आहे. ज्येष्ठांचा वेग ताशी तीन किमी धरला तरी निव्वळ चालण्याचे सव्वातीन तास होतात, थांबे धरून पाच. शिवाय डिनिसनंतर एन ७१ महामार्ग लागतो आणि थोडा भाग त्याच्या कडेने जावं लागतं. रस्ता अरुंद, वळणांचा, त्यावर पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या. बाबागाडी घेऊन तिथून जाऊच नये. तुमच्यासाठी पूर्ण फेरी बाद.

चाकावरचा:
सायकलवाल्यांसाठी एक भर. तळ्याच्या फेरीवर सायकलींना एकाच दिशेने जायची मुभा आहे, घड्याळाच्या काट्यांच्या उलट: मक्रॉस हाउस, ब्रिकीन, डिनिस, एन ७१, टॉर्क, परत हाउस. भाड्याने सायकल देणारे हे सांगतात, पण घाईत कानाआड होतं. उलटे आलात तर अरुंद वळणावर समोरून घोडागाडी आणि तिच्यामागे सायकलींची रांग असा पेच होतो. टॉर्कला सायकल खाली लावून वर चालत जायचं.

मुलासाठी सायकलमागे जोडायची गाडी मिळते, पण एन ७१ वरचा तुकडा तिच्यासाठीही नको. ती घ्यायचीच तर किलार्नी गाव ते मक्रॉस हाउस ते ॲबी एवढ्यापुरतीच घ्या.

रानवाट, चालणाऱ्यांनी कुठल्या दिशेने जावं याबद्दल तुमचं मत काय? माझ्या मते चालणाऱ्यांनी उलट दिशा धरावी, म्हणजे येणाऱ्या सायकली समोरून दिसतात.

रानवाट:
सायकली समोर दिसतात हे खरं. एन ७१ चा त्रासाचा तुकडाही पाय ताजे असताना उरकतो आणि शेवटचे चार किमी निवांत डांबरी रस्ता मिळतो, हाही फायदा आहे. तरी मी पहिल्यांदा येणाऱ्याला सायकलींच्याच दिशेने पाठवेन. डिनिसला पोचल्यावर दमलेला माणूस आल्या वाटेने परत फिरू शकतो. उलट दिशेने गेलेला माणूस डिनिसला येईतो महामार्ग मागे टाकून आलेला असतो, त्याला परत फिरायचं तर पुन्हा तिथूनच. सोबत चालणाऱ्यांची ताकद नक्की माहीत नसेल तेव्हा मागे फिरायची वाट मोकळी असणं मला जास्त मोलाचं वाटतं. एका रांगेत, कडेने चाला आणि कानात हेडफोन नको, म्हणजे मागून येणारी सायकल कळते.

अर्जुनसादडा:
झाडांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते, कारण या वाटांवरचं अर्धं सुख त्यात आहे आणि दोन-तीन धोकेही.

मक्रॉस तळ्याच्या आसपास दोन प्रकारचे खडक भेटतात. मक्रॉस द्वीपकल्प बहुतांशी चुनखडकाचं, तर दक्षिणेचे टॉर्क आणि मँगर्टन हे डोंगर जुन्या तांबड्या वालुकाश्माचे. खडक बदलला की जंगल बदलतं. वालुकाश्मावर ओक, चुनखडकावर यू हा सदाहरित वृक्ष. रीनाडिना हे यूचं रान सुमारे २५ हेक्टरचं आहे. चुनखडकावर आपोआप वाढलेली अशी यूची राने युरोपातही मोजकीच उरली आहेत. आत भरदुपारी संध्याकाळ वाटते. यूची सावली इतकी दाट असते की खाली झुडपं जवळजवळ नसतात, फक्त शेवाळ. दगड, मुळं, पडलेले ओंडके, सगळ्यांवर जाड हिरवा थर.

धोका इथेच आहे. त्या शेवाळाखालचा चुनखडक सलग नसतो. पावसाचं पाणी चुनखडक विरघळवतं, त्यामुळे कातळात खोल भेगा पडलेल्या असतात. शेवाळ त्यांवर झाकणासारखं पसरतं. फोटोसाठी वाट सोडून चार पावलं आत गेलं की पाय भेगेत जातो आणि घोटा मुरगळतो किंवा मोडतो. शेवाळाचंही नुकसान होतं, एकदा उखडलं की भरून यायला वर्षं लागतात. आर्थर यंग्ज वॉक ही सुमारे पाच किमीची फेरी डिनिसच्या रस्त्यावरून सुरू होऊन या रानातून आणि ओकच्या रानातून जाते. १७७६ साली आयर्लंडचा दौरा करणाऱ्या इंग्रज शेतीतज्ज्ञाचं नाव तिला दिलं आहे. चालायची सवय असलेल्याला ती सोपी आहे, बाबागाडीला मुळीच नाही. मॉसी वुड्स ही दोन किमीच्या आतली वाट त्याहून सुंदर म्हणेन, तळ्याकाठच्या ठेंगण्या कड्यांवरून जाते. पण ओल असताना घसरडी होते आणि लहान मुलाचा हात सोडण्यासारखी नाही.

दुसरा धोका: यूची पानं, साल, बिया विषारी असतात. शरद ऋतूत फांद्यांवर लाल, गरदार, बोरापेक्षा लहान फळं लागतात. लाल गर तेवढा निर्विष, आतली बी विषारी. मुलांना ते रंग खुणावतातच. मेमध्ये फळं नसतील, पण ऑक्टोबरात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. गंमत अशी की त्याच सुमाराला तिथे अर्ब्युटस या झाडाचीही लाल, खरखरीत, लिचीच्या घाटाची फळं पिकतात आणि ती खाण्याजोगी असतात. अर्ब्युटसला फुलं आणि फळं एकाच वेळी असतात, पानं चकचकीत आणि रुंद. यूची पानं सुईसारखी अरुंद, चपटी. ओळख पक्की नसेल तर कशालाच हात लावू नये. तसंही राष्ट्रीय उद्यानात काही तोडायचं नसतं.

मेअखेरीस जांभळ्या फुलांनी डवरलेली झुडपं रानभर दिसतील. ते ऱ्होडोडेंड्रॉन पॉन्टिकम. बागेतले निवडक ऱ्होडोडेंड्रॉन हे मक्रॉसचं वैभव आहे आणि त्यांच्यासाठी तुमच्या तारखा अचूक आहेत. पण रानात पसरलेलं पॉन्टिकम हे ओकच्या जंगलावरचं संकट आहे. एकोणिसाव्या शतकात इस्टेटींमध्ये शोभेसाठी लावलं आणि ते सुटलं. त्याच्या सावलीत ओकचं रोप तग धरत नाही, हरणं त्याची पानं खात नाहीत, तोडलं तर बुंध्यापासून पुन्हा फुटतं. सह्याद्रीत घाणेरीने जे केलं तेच, तीही शोभेसाठीच आणलेली. वाटेवर कापून रचलेले फांद्यांचे ढीग दिसले तर जंगल उद्ध्वस्त केलं असं समजू नका, ते जंगल वाचवण्याचं काम आहे.

शिलालेख:
इतिहासाची बाजू थोडक्यात, चालताना संदर्भ लागावा म्हणून.

ॲबी ही सर्वांत जुनी. फ्रान्सिस्कन साधूंचा मठ, स्थापना १४४८. चौकाच्या मधोमध प्रचंड यू वृक्ष आहे, मठाइतकाच जुना असल्याचं सांगतात. त्याच्याभोवती कमानींच्या ओवऱ्या. दोन बाजूंच्या कमानींची घडण वेगळी आहे, कारण काम टप्प्याटप्प्याने झालं. हे शोधून बघा. १६५२ मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या फौजांनी मठ जाळला. त्याच वर्षी जवळचा रॉस किल्लाही पडला.

मक्रॉस हाउस हर्बर्टांनी १८३९ ते १८४३ दरम्यान बांधलं, वास्तुविशारद स्कॉटलंडचे विल्यम बर्न, खोल्या ६५. ऑगस्ट १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरिया इथे मुक्कामाला आली. तिच्या स्वागतासाठी आधीची काही वर्षं बाग, वाटा, घरातलं सामान यांवर पाण्यासारखा पैसा ओतला गेला. त्याच डिसेंबरात राणीचा नवरा अल्बर्ट वारला आणि त्या भेटीतून हर्बर्टांनी पदवीची जी आशा धरली होती ती तशीच राहिली. पुढे घराणं कर्जात बुडालं. १८९९ मध्ये गिनेस कुटुंबातल्या लॉर्ड आर्डिलॉनने इस्टेट घेतली आणि १९११ मध्ये कॅलिफोर्नियातले खाणमालक विल्यम बॉवर्स बॉर्न यांनी मुलगी मॉड हिला लग्नाची भेट म्हणून विकत घेऊन दिली. मॉड १९२९ मध्ये वारली. १९३२ मध्ये बॉर्न दांपत्य आणि जावई आर्थर व्हिन्सेंट यांनी सुमारे ११,००० एकरांची इस्टेट आयरिश राष्ट्राला दिली. आयर्लंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान ते हेच. घर लोकांसाठी उघडलं ते १९६४ मध्ये.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला राहणाऱ्या मराठी मंडळींना यातलं एक नाव ओळखीचं असेल. तिथली फिलोली ही इस्टेट याच बॉर्न यांची, आणि तिच्या नृत्यदालनाच्या भिंतींवर मक्रॉसची दृश्यं रंगवलेली आहेत. फिलोली पाहिलेल्याने मक्रॉसच्या हिरवळीवर उभं राहून तळ्याकडे जरूर बघावं.

आवारात फिरायला तिकीट नाही, बाग आणि वाटा मोफत. घर आतून बघायला तिकीट आहे आणि मार्गदर्शकासोबतच जावं लागतं. जुन्या पद्धतीची शेतघरं (ट्रॅडिशनल फार्म्स) यांचं तिकीट वेगळं आणि ती ठरावीक महिन्यांतच उघडी असतात. ती बघायला निघालात तर आतही बरंच चालणं आहे, आईंच्या तासाभरात ते धरा.

पानगळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुठेच मिळालं नव्हतं. आता पुढचे प्रश्न. गाडीशिवाय मक्रॉसला कसं पोचायचं? जॉंटिंग कारचा हिशोब कसा असतो? आणि पावसाचं काय, मेमध्ये छत्री पुरते का?

कॉर्ककर:
डब्लिनच्या ह्यूस्टन स्थानकातून किलार्नीला आगगाडी आहे. साधारण सव्वातीन ते साडेतीन तास लागतात, बहुतेक गाड्यांना मॅलोला बदलावं लागतं. तिथे बाबागाडी आणि सामान घेऊन फलाट बदलायचा असू शकतो, तेव्हा हात मोकळे ठेवा. तिकीट आधी ऑनलाइन काढलं तर स्वस्त पडतं आणि जागा नावाने राखीव होते.

किलार्नी गाव ते मक्रॉस हाउस सहा किमी. चालायचं तर फ्लेस्क नदीच्या पुलापलीकडे पादचारी-सायकल वाट आहे, सपाट आणि चांगली, पण सहा किमी आईंचे पाय इथेच संपवतील. टॅक्सीने थेट हाउसच्या वाहनतळाला उतरा. परतीची टॅक्सी उतरतानाच सांगून ठेवा, उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांना एकदमच हवी असते.

जॉंटिंग कारचं भाडं चढण्याआधी स्पष्ट करून घ्या. चार गोष्टी विचारा: भाडं माणशी की गाडीमागे, फक्त जायचं की जाऊन-येऊन, पोचल्यावर किती वेळ थांबणार, बाबागाडी ठेवायला जागा आहे का. थांबण्याचा वेळ विचारला नाही तर टॉर्कला दहा मिनिटांतच हाक येते. पैसे रोख ठेवा. चढायला उंच पायरी असते, आईंना जार्वी हात देतोच, पण दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूला घरच्या माणसाने उभं राहावं. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

गावातच थोडं चालायचं असेल तर किलार्नी हाउसची बाग. ही दुसऱ्या इस्टेटीची, केनमेअर घराण्याची. स्थानकापासून जवळ, सपाट, बाबागाडीला आणि चाकाच्या खुर्चीला सोयीची. पोचल्या दिवशी संध्याकाळी पाय मोकळे करायला याहून बरी जागा नाही. मेअखेरीस तिथे रात्री साडेनऊनंतरही उजेड असतो, त्यामुळे जेवणानंतरही जाता येतं.

लीफीकाठ:
पावसाबद्दल. मक्रॉसला वर्षभरात सव्वा मीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे कोकणाच्या निम्म्याहूनही कमी. पण कोकणात तो चार महिन्यांत येतो आणि इथे बाराही महिने वाटून, वर्षातले दोनशेहून जास्त दिवस. आपण धो धो पावसाची तयारी करून जातो आणि गाठ पडते बारीक, वाऱ्याबरोबर आडव्या येणाऱ्या भुरभुरीशी. छत्री ॲबीच्या रस्त्यावर झाडीत चालते, ब्रिकीनच्या पुलावर उलटी होते. टोपीवालं जलरोधक जाकीट हवं, कमरेखाली येणारं.

जीन्स घालू नका. सुती कापड भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं, पंधरा अंशांतही माणूस कुडकुडतो. आईंनी साडीऐवजी सलवार किंवा लवकर वाळणारी पँट, घोट्याशी आवळलेली. सपाट तळाच्या चपला किंवा गुळगुळीत तळाचे बूट नकोत, ओला चुनखडक आणि ओली मुळं साबणासारखी निसरडी असतात. काठीच्या टोकाला रबराची टोपी असू द्या, उघडं लोखंडी टोक डांबरावर आणि कातळावर घसरतं.

घोट्याशी आवळलेली पँट दुसऱ्याही कारणासाठी: गोचीड. हरणं आहेत तिथे गोचीड असतात, मे ते सप्टेंबर जास्त. उंच गवत आणि नेचाच्या पानांवर बसून वाट बघतात. त्यांच्यातून लाइम हा जिवाणूंचा रोग होऊ शकतो. रोज संध्याकाळी गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, मुलाच्या केसांच्या कडेला आणि कानामागे तपासा. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढा. तेल लावू नका, चटका देऊ नका, पिळू नका, त्याने तिच्या पोटातला ऐवज तुमच्या रक्तात जातो. पुढच्या महिनाभरात त्या जागी पसरत जाणारा लाल डाग किंवा ताप आला तर डॉक्टरांना जागेचं नाव सांगून दाखवा. भारतात परतल्यावर असं झालं तर हे सांगणं जास्तच गरजेचं, कारण तिथल्या डॉक्टरच्या मनात लाइम सहजी येणार नाही.

वारा पडलेल्या संध्याकाळी पाण्याकाठी मिज नावाचे बारीक चावरे कीटक अंगावर येतात. रोग देत नाहीत, पण मूल हैराण होतं. वारा असेल तिथे बसा, सावलीतल्या पाण्यालगत नको.

शिलालेख:
हरणांचं राहिलं. किलार्नीचं तांबड्या हरणांचं कळप-कूळ हे आयर्लंडच्या मूळच्या हरणांपैकी टिकलेलं. लहान ठिपकेदार सिका हरणं मात्र बाहेरची, १८६५ मध्ये आणलेली. ॲबी आणि हाउसच्या मधल्या कुरणांत सकाळी लवकर दोन्ही दिसू शकतात. किमान ५० मीटर लांब राहा, खायला घालू नका. जूनमध्ये गवतात एकटं पाडस दिसलं तर हात लावू नये, आई जवळच चरत असते.

सह्यवेडा:
ऑक्टोबर-नोव्हेंबरात जाणाऱ्यांसाठी काय बदलतं? पानांचे रंग बघायचे आहेत. आणि चाकाच्या खुर्चीवर असलेल्या व्यक्तीला किती दूर जाता येईल?

अर्जुनसादडा:
रंगांसाठी ऑक्टोबरचा उत्तरार्ध. बीचची झाडं तांबूस होतात, ओक त्यानंतर. त्याच काळात तांबड्या नरांचा माज असतो, डोंगरउतारावरून डरकाळी घुमते. ऐकायला फार सुंदर, पण नर आक्रमक असतात, तेव्हा ५० मीटरांचं अंतर १०० करा. पडलेली पानं ओल्या डांबरावर बसली की सोपा रस्ताही निसरडा होतो.

रानवाट:
चाकाच्या खुर्चीसाठी: हाउसच्या समोरच्या वाटा आणि ॲबीपर्यंतचा रस्ता. डिनिसचा रस्ता डांबरी असला तरी चढउतार आहेत, ढकलणारा दणकट हवा. क्लॉहरीन ही ब्लू पूल वाटेतली छोटी फेरी मुद्दाम दृष्टिहीनांसाठी आखलेली आहे आणि खुर्चीही तिथे जाते. वास आणि स्पर्श यांच्या आधाराने रान कसं ओळखावं हे बघायला डोळसांनीही तिथे जावं. ब्लू पूलचं निळसर पाणी तांब्याच्या क्षारांमुळे, या भागात पूर्वी तांब्याच्या खाणी होत्या.

हिवाळ्यात दोन गोष्टी. पहिली उजेड: डिसेंबरात सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि साडेचारच्या आसपास मावळतो, यूच्या रानात तर त्याच्या तासभर आधीच दिसेनासं होतं. तीन वाजता परतीला लागलेलं असावं. दुसरी वारा: हवामान खात्याचा, म्हणजे मेट एरनचा नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी रानात जायचंच नाही. जुनी झाडं, उथळ माती, फांद्या पडतात. जोराच्या पावसानंतर तळ्याची पातळी वाढून काठाच्या वाटा पाण्याखाली जातात. पाणी घोट्याएवढं दिसलं तरी आत उतरू नका, कड कुठे संपते ते दिसत नाही आणि मक्रॉस तळं आयर्लंडमधल्या सर्वांत खोल तळ्यांपैकी, ७५ मीटरांच्या आसपास.

पानगळ:
सगळं वाचून असं ठरवतेय:
पहिला दिवस: सकाळी टॅक्सीने मक्रॉस हाउस, बाग, बोटहाउस ट्रेल, दुपारी घर आतून, संध्याकाळी चालत ॲबी आणि परत.
दुसरा दिवस: अकराला जॉंटिंग कारने टॉर्क, मग डिनिस, परत.
काही चुकतंय का?

कॉर्ककर:
दोन बदल करा. ॲबी संध्याकाळी ठेवली तर आईंचे पाय तोवर संपलेले असतील, जाऊन-येऊन तीन किमी आहेत. टॅक्सीला एन ७१ वरच्या ॲबीच्या फाटकाशी उतरवायला सांगा. तिथून ॲबी जवळ आहे, ती बघून चालत हाउसला या. एकाच दिशेचं चालणं होईल आणि सकाळी हरणंही दिसतील. मग बाग, जेवण, घर. बोटहाउस ट्रेल आईंनी सोडली तरी चालेल, त्या वेळात त्या हिरवळीवरच्या बाकावर मुलासोबत बसतील.

दुसऱ्या दिवशी टॉर्कला अकरा वाजता सगळ्या बसगाड्या तिथेच असतात. साडेनवाला पोचा किंवा चारनंतर जा. आठवडाभर कोरडा गेला असेल तर धबधबा बारीक असतो, मग टॉर्क गाळून तो वेळ डिनिसला द्या.

रानवाट:
कॉर्ककरांशी सहमत. डिनिसला जॉंटिंग कारने जा आणि परत येताना आईबाबा गाडीतच राहू देत, तुम्ही ब्रिकीन पुलाशी उतरून मुलासह बाबागाडीने चालत या. तो सव्वातीन किमीचा टप्पा सर्वांत देखणा आहे. हे जार्वीला निघतानाच सांगा. डिनिसच्या कॉटेजमध्ये खायला मिळेल यावर विसंबू नका, ते हंगामी आहे. पाणी माणशी एक लिटर आणि दशम्या किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या सोबत ठेवा, कचरा परत आणा. कॉटेजपासून मीटिंग ऑफ द वॉटर्सला छोटी पायवाट जाते, तिथे लॉख लेन, मक्रॉस आणि अप्पर लेक या तिन्ही तळ्यांचं पाणी भेटतं. तिच्यावर मुळं आहेत, आईंनी कॉटेजपाशीच थांबावं. डिनिसच्या बाजूला फोनला रेंज कधी असते, कधी नसते. म्हणून परत भेटायची जागा आणि वेळ आधीच ठरवा. अडचण आली तर ११२ लावा, आपल्या फोनला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून तो लागू शकतो.

पानगळ:
दोन्ही बदल केले. जार्वीला विचारायचे चार प्रश्न लिहून घेतले आहेत. गोचिडीसाठी चिमटा इथूनच नेऊ की तिथे मिळेल?

लीफीकाठ:
तिथल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात गोचीड काढायची छोटी आकडी मिळते, ती चिमट्याहून सोपी. फक्त विमानाच्या हातसामानात टोकदार चिमटा ठेवू नका.